लक्झेंबर्गमध्ये नक्की राहतं कोण?

लक्झेंबर्गची लोकसंख्या किती, हा प्रश्न तसा शाळकरी. पण उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं, की मोजायचं कधी? दिवसा की रात्री?

रात्री मोजलं तर देशात सुमारे ६ लाख ८० हजार माणसं सापडतील. २०११ च्या जनगणनेत आपल्या अमरावती शहराची लोकसंख्या साधारण साडेसहा लाख होती, त्यावरून अंदाज करा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला मोजलं तर हाच आकडा नऊ लाखांच्या आसपास जातो, कारण रोज सव्वादोन लाखांहून जास्त माणसं फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून इथं नोकरीला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात जेवायला परत जातात. यातली निम्म्याहून जास्त एकट्या फ्रान्सची. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला यावं तशी ही ये-जा, फक्त वाटेत देशाची सीमा लागते, आणि तीही कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या करारामुळे युरोपातल्या सीमांवरची तपासणी उठली, तो १९८५ साली याच देशातल्या शेंगेन नावाच्या खेड्याशेजारी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर झाला. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा तिथंच एकमेकींना भेटतात.

देशाचं क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर. गोव्यात असे जवळजवळ दीड लक्झेंबर्ग बसतील. तरीही 'इथं कोण राहतं' याचं उत्तर देताना भल्याभल्यांची गडबड होते, कारण पासपोर्टावरून मोजलं तर एक देश दिसतो, भाषेवरून मोजलं तर दुसरा, हजेरीपटावरून तिसरा आणि मतदारयादीवरून चौथा. हे चारही देश खरे आहेत.

पासपोर्टापासून सुरुवात करू. देशात राहणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोक परदेशी नागरिक आहेत. राजधानी, म्हणजे लक्झेंबर्ग शहर, घेतलं तर हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास जातं. राजधानीत त्या देशाचा नागरिकच अल्पसंख्य असणं युरोपात दुर्मीळ आहे. परदेशी नागरिकांत सगळ्यांत मोठा गट शेजारच्या जर्मनांचा असेल असं वाटतं ना? नाही. जर्मन बरेच खाली आहेत. पहिला नंबर पोर्तुगिजांचा, नव्वद हजारांच्या घरात. त्यांच्यामागे फ्रेंच, मग इटालियन, मग बेल्जियन. एवढा लांबचा, समुद्रकाठचा देश इथं पहिला कसा आला, ते पुढे सांगतो.

'परदेशी' म्हणजे बाहेरून आलेला, असं मात्र समजू नका. एश-सुर-आल्झेट या पोलादाच्या शहरात जन्मलेली, तिथंच शाळा शिकलेली, कधी उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त आजीच्या गावी पोर्तुगालला गेलेली मुलगी आई-वडिलांच्या नागरिकत्वामुळे अनेक वर्षं 'परदेशी' या रकान्यात मोजली जाऊ शकते. उलट, काल-परवा नागरिकत्व मिळालेला माणूस आज 'लक्झेंबर्गर' असतो. हा रकाना पासपोर्ट विचारतो, जन्मगाव विचारत नाही. एक गमतीची गोष्ट आपल्या बाजूची. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. असा पासपोर्ट काढून एखादा म्हापशाचा माणूस उद्या लक्झेंबर्गला राहायला गेला, तर तिथल्या आकडेवारीत तो भारतीय नसेल, पोर्तुगीज असेल.

पोर्तुगीज कसे आले हे कळण्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं, कारण त्या काळी लक्झेंबर्गला कुणी येतच नव्हतं. लोक तिथून जात होते. एकोणिसाव्या शतकात हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता आणि हजारो कुटुंबं जमीन विकून अमेरिकेला, शिकागोच्या आजूबाजूच्या प्रदेशात, निघून गेली. दक्षिणेला लोहखनिज होतं, पण त्यात फॉस्फरस जास्त, आणि फॉस्फरसवालं लोखंड ठिसूळ होतं. १८७९ साली इंग्लंडमध्ये चुन्याच्या मदतीनं फॉस्फरस काढून टाकायची पद्धत सापडली आणि लक्झेंबर्गचं नशीब फिरलं. ज्या लालसर मातीची किंमत नव्हती तिच्यावर भट्ट्या उभ्या राहिल्या. भट्ट्यांना हात हवे होते. जाणकार कारागीर जर्मनीतून आले, खाणीत उतरायला इटालियन आले. द्युदलांज शहरात खाण आणि कारखान्याच्या मधे वसलेल्या एका वस्तीला आजही 'इटालियन मोहल्ला' अशाच अर्थाचं नाव आहे. १९११ साली इथल्या कारखान्यांतून 'आर्बेड' ही मोठी पोलाद कंपनी झाली. तिचे वारसहक्क फिरत फिरत २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाकडे आले, आणि आर्सेलरमित्तलचं मुख्यालय आजही लक्झेंबर्ग शहरात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतच कामं मिळू लागली, तसे इटालियन येईनात. इकडे देशात मुलं कमी जन्मत होती, रस्ते आणि घरं बांधायला माणूस नव्हता. तिकडे पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती, गरिबी होती, आणि १९६१ पासून आधी अंगोला, मग गिनी-बिसाऊ आणि मोझांबिक या वसाहतींतल्या लढाया चालू होत्या. तरुण मुलगा म्हटला की लष्करात भरती ठरलेली. त्यापेक्षा रात्री डोंगर ओलांडून फ्रान्स गाठलेलं बरं, असा हिशोब हजारोंनी केला, आणि त्यातले बरेच पुढं लक्झेंबर्गला आले. १९७० साली दोन्ही सरकारांनी मजूर-करार केला. या करारातली महत्त्वाची गोष्ट अशी की कामगाराला कुटुंब आणता येणार होतं. जर्मनीनं तुर्की कामगारांना 'पाहुणे' म्हणून बोलावलं होतं, म्हणजे काम झालं की परत जाणारे. लक्झेंबर्गला मुळात माणसंच हवी होती, नुसते हात नव्हे. ही माणसं कॅथलिक असणं तिथल्या सरकारला सोयीचं वाटलं, हेही खरं. म्हणून आज पोर्तुगीज इथं तिसऱ्या पिढीत आहेत. त्यांच्यासोबत केप व्हर्दे या पोर्तुगीज वसाहतीतले लोकही आले, आणि नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथले निर्वासित.

तोवर पोलादाचा जमाना संपत आला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात पोलादावर मंदी आली आणि देशानं बँका, गुंतवणूक फंड आणि युरोपीय संस्था यांच्यावर जोर दिला. युरोपच्या कोळसा-पोलाद संघाचं कार्यालय १९५२ पासून इथंच होतं. आता युरोपीय न्यायालय, युरोपीय गुंतवणूक बँक आणि युरोपची सांख्यिकी कचेरीही इथं आहेत. या कचेऱ्यांनी नवा वर्ग आणला, चांगल्या पगाराचा, इंग्रजी बोलणारा, पाच-सात वर्षांत बदली होणारा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आयटी आणि फंडांच्या नोकऱ्यांमुळे भारतीयांची संख्याही झपाट्यानं वाढली. युरोपीय संघाबाहेरच्या देशांपैकी भारत आता तिथल्या मोठ्या गटांत मोडतो.

आता भाषा. इथं मात्र थोडं थांबावं लागेल, कारण 'बहुभाषक देश' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्वित्झर्लंड किंवा बेल्जियम येतो. तिथं भाषांना प्रदेश वाटून दिलेले आहेत. हा भाग फ्रेंचचा, तो जर्मनचा. लक्झेंबर्गमध्ये भाषांना प्रदेश नाहीत, कामं आहेत.

घरात आणि मित्रांत लक्झेंबर्गी. कायदे फ्रेंचमध्ये. जुनी, मोठी वर्तमानपत्रं मुख्यतः जर्मनमध्ये. १८४८ पासून निघणारं 'लुक्सेम्बुर्गर वोर्ट' उघडलं तर बातमी जर्मनमध्ये आणि निधनवार्ता बऱ्याचदा लक्झेंबर्गीत, कारण गेलेल्या माणसाबद्दल परक्या भाषेत कोण बोलेल? संसदेत चर्चा लक्झेंबर्गीत होते आणि त्या चर्चेतून निघालेला कायदा फ्रेंचमध्ये छापला जातो. १९८४ च्या कायद्यानं ही विभागणी कागदावर आणली: लक्झेंबर्गी ही राष्ट्रभाषा, कायद्यांची भाषा फ्रेंच, आणि कचेरीत व कोर्टात तिन्ही चालतील. नागरिकानं ज्या भाषेत अर्ज दिला त्याच भाषेत शक्य तोवर उत्तर द्यावं, असंही त्यात आहे. २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित राज्यघटनेत तर 'लक्झेंबर्गची भाषा लक्झेंबर्गी' असं थेट लिहिलं आहे.

लक्झेंबर्गी ही जर्मन कुळातली भाषा. सीमेपलीकडे जर्मनीतल्या ट्रिअरच्या आसपास बोलतात त्या बोलीची ती सख्खी बहीण, पण तिनं फ्रेंच शब्द बेधडक घेतले. 'नमस्कार' ला 'मोयन' म्हणतात आणि 'धन्यवाद' ला सरळ 'मेर्सी'. मग ही बोली की भाषा? हा वाद भाषातज्ज्ञांच्या खोलीत राहिला असता, पण एकदा त्याचं उत्तर सगळ्या देशाला लेखी द्यावं लागलं, आणि तेही जनगणनेच्या फॉर्मवर.

१९४० मध्ये हिटलरच्या सैन्यानं देश ताब्यात घेतला. तिथला नाझी प्रशासक गुस्ताव झिमोन याला सिद्ध करायचं होतं की हे लोक जर्मनच आहेत, त्यांना फक्त ते ठाऊक नाही. फ्रेंचवर बंदी आली, लोकांची नावं आणि रस्त्यांच्या पाट्या जर्मन केल्या. १० ऑक्टोबर १९४१ ला शिरगणती ठरली. फॉर्मवर तीन प्रश्न कळीचे होते: राष्ट्रीयत्व काय, मातृभाषा कोणती, वंश कोणता. लक्झेंबर्गी ही बोली आहे, तेव्हा मातृभाषेपुढं ती लिहिलेली चालणार नाही, असं आधीच बजावलं होतं. भूमिगत गटांनी घरोघरी निरोप पोचवला: तिन्ही ठिकाणी 'लक्झेंबर्गी' लिहा. 'द्रायमोल लेत्सेबुर्गेश', तीनदा लक्झेंबर्गी. नमुन्यादाखल काही फॉर्म तपासले तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी तसंच लिहिल्याचं दिसलं आणि शिरगणती रद्द करण्यात आली. ज्यांनी लिहिलं ते आपली खरी नावं असलेला फॉर्म शत्रूच्या हातात देत होते, हे विसरायला नको. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९४२ ला, तिथल्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीनं भरती करण्याची घोषणा झाली.

तेव्हापासून तिथं 'तुमची भाषा कोणती' हा प्रश्न साधा राहिलेला नाही. हल्लीच्या जनगणनेत तो असा विचारतात: तुम्ही कोणत्या भाषेत विचार करता आणि कोणती सर्वांत चांगली जाणता? २०११ मध्ये ५५.८ टक्के लोकांनी लक्झेंबर्गी असं उत्तर दिलं होतं. २०२१ मध्ये हे प्रमाण ४८.९ टक्क्यांवर आलं, निम्म्याच्या खाली. पोर्तुगीज १५.४, फ्रेंच १४.९, त्यानंतर इंग्रजी आणि इटालियन साडेतीन टक्क्यांच्या वर, आणि जर्मन, जी सरकारी भाषा आहे, फक्त २.९.

हे ४८.९ वाचून 'भाषा मेली' अशी ओरड करणारे तिथंही आहेत. आपल्याला ती ओरड ओळखीची वाटेल. पण टक्का घसरला म्हणजे बोलणारे घटले असं नव्हे. त्याच दहा वर्षांत लक्झेंबर्गीला मुख्य भाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे दहा हजारांनी वाढली. फक्त देशाची लोकसंख्या सव्वा लाखाहून जास्त वाढली, म्हणून वाटा लहान दिसतो. पाव किलो साखर तेवढीच ठेवून दूध वाढवलं तर चहा अगोड लागतो, साखर चोरीला गेलेली नसते. शिवाय ही आकडेवारी एकच भाषा विचारते. पोर्तुगीज लिहिणारी मुलगी शाळेच्या मैदानावर लक्झेंबर्गीतच भांडत असते, ते या रकान्यात येत नाही.

धर्म? तो मोजतच नाहीत. नागरिकांच्या श्रद्धेची माहिती सरकारनं गोळा करायला १९७९ पासून कायद्यानं मनाई आहे.

हजेरीपटाचा देश वेगळाच. पगारी नोकरी करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे सीमेपलीकडून येणारे, पाव भाग देशात राहणारे परदेशी, आणि उरलेला साधारण पाव भाग लक्झेंबर्गचे नागरिक. हे नागरिकही सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. सरकारी नोकरीला तिन्ही भाषा लागतात, त्यामुळे ते शाळा, कचेऱ्या, पालिका यांत एकवटले आहेत. बेकरी, हॉटेल, दवाखाना इथं बहुधा फ्रेंच ऐकू येते, कारण पाव देणारी बाई सकाळी फ्रान्समधल्या तियाँविलहून आलेली असते. एखाद्या लक्झेंबर्गी आजींना आपल्याच गावात पाव मागायला फ्रेंच बोलावं लागतं, आणि त्यांची चिडचिड होते. २०१६ मध्ये लक्झेंबर्गीला सरकारी कामात पहिला मान द्यावा, या मागणीच्या अर्जावर सुमारे १५ हजार सह्या झाल्या. अमरावतीएवढ्या देशात हा आकडा मोठाच. दुसरीकडे, हीच सीमेपलीकडची माणसं नसतील तर दवाखाने चालणार नाहीत, हे २०२० च्या वसंतात कोविडमुळे सीमांवर पुन्हा तपासणी बसली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आणखी एक गोष्ट या रोजच्या प्रवाशांमुळे फसवी होते. दरडोई जीडीपीच्या जागतिक यादीत लक्झेंबर्ग नेहमी अगदी वर असतो. देश श्रीमंत आहेच, त्यात वाद नाही. पण दरडोई आकडा काढताना वरच्या अंकात या सव्वादोन लाख माणसांचं काम धरलं जातं आणि खालच्या अंकात ती माणसं नसतात, कारण ती तिथं राहत नाहीत. नऊ लाखांनी रांधलेलं सात लाखही नसलेल्या पंगतीत वाटल्यासारखं. म्हणून प्रत्येकाच्या पानावर जास्त दिसतं.

मग ती लोकं तिथंच का राहत नाहीत? घरं. जागांचे भाव इतके वर गेलेत की आता खुद्द लक्झेंबर्गचे नागरिकही ट्रिअरच्या बाजूला घर घेऊन रोज उलट्या दिशेनं आपल्याच देशात कामाला येतात. सीमेपलीकडून येणाऱ्यांत असे लोकही मोजले जातात, तेव्हा त्या आकड्याला 'परके' म्हणून मोकळं होता येत नाही.

उरली मतदारयादी. संसदेच्या ६० जागांसाठी फक्त नागरिक मत देतात, आणि त्यांना ते सक्तीचं आहे. म्हणजे कर भरणाऱ्या, कामावर जाणाऱ्या बहुसंख्य माणसांना देशाचा कायदा कोण करणार यात आवाज नाही. ७ जून २०१५ ला सरकारनं सार्वमत घेतलं: दीर्घकाळ राहिलेल्या परदेशी लोकांना संसदेसाठी मत द्यायचं का? ७८ टक्के मतदार 'नाही' म्हणाले. अर्थात हा प्रश्न ज्यांच्याबद्दल होता त्यांना त्यावर मत देता येत नव्हतं.

या निकालानंतर सरकारनं दुसरं दार रुंद केलं. मत हवं तर नागरिक व्हा, आणि नागरिक होणं सोपं करू. दुहेरी नागरिकत्व २००९ पासून चालत होतंच. २०१७ च्या कायद्यानं वास्तव्याची अट सात वर्षांवरून पाचवर आणली. लक्झेंबर्गीची परीक्षा मात्र ठेवली: बोलता थोडंफार यावं, ऐकून बऱ्यापैकी कळावं, लिहिण्याची सक्ती नाही. म्हणूनच परदेशी लोक दरवर्षी येत असूनही त्यांचा टक्का गेली काही वर्षं ४७ च्या आसपास अडकला आहे. एका दारानं नवे येतात, दुसऱ्या दारानं जुने 'लक्झेंबर्गर' रकान्यात जातात. आणखी एक दार होतं: १ जानेवारी १९०० ला हयात असलेला लक्झेंबर्गी पूर्वज दाखवा आणि नागरिकत्व परत मिळवा. अमेरिका आणि ब्राझीलमधल्या हजारोंनी पणजोबांचे दाखले शोधून काढले. जे गरिबीनं जमीन विकून गेले होते, त्यांची पणतवंडं कधी न पाहिलेल्या देशाची नागरिक झाली, आणि एशमधला बांधकाम मजूर तीस वर्षं राहूनही परदेशी. पालिका निवडणुकीत तरी त्याला मत आहे, आणि २०२२ च्या कायद्यानं त्यासाठीची पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही काढून टाकली.

या सगळ्यांची मुलं एकाच वर्गात बसतात. बालवाडीत लक्झेंबर्गी बोलतात, पहिलीत वाचायला-लिहायला शिकतात ते जर्मनमध्ये, आणि माध्यमिक शाळेत हळूहळू बरेचसे विषय फ्रेंचमध्ये जातात. ज्याच्या घरात लक्झेंबर्गी आहे त्याला जर्मन म्हणजे शेजारच्या खोलीत जाण्यासारखं. ज्याच्या घरात पोर्तुगीज आहे त्याला नवी भाषा आणि लिहिणं-वाचणं एकदमच शिकावं लागतं. परिणाम निकालांत दिसतो. पोर्तुगीज घरांतली मुलं विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेत कमी आणि व्यवसाय-शिक्षणात जास्त जातात. २०२२ मध्ये चार शाळांत प्रयोग सुरू झाला, की ज्यांना हवं त्यांनी अक्षरओळख फ्रेंचमध्ये करावी. २०२६ च्या शालेय वर्षापासून ही निवड देशभर द्यायचं सरकारनं ठरवलं. पालकांपुढं दोन पर्याय असतील, जर्मन किंवा फ्रेंच. देशातली दुसऱ्या क्रमांकाची भाषा पोर्तुगीज, ती त्यात नाही.